पंप कोणी बसवला

आमच्या जुन्या गाडीचं इंजिन मी खराब केलं. गावात मात्र ते मिस्त्रीनं खराब केलं असंच मानतात, आणि तसं मानायला मीच लावलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. मागे दोन-तीनदा ही हकीगत लिहायला बसलो, तेव्हा गाडीच्या वर्णनापासून सुरुवात केली आणि त्या वर्णनातच इतका रमलो की मुद्दा यायच्या आत कागद बाजूला सारला. माझी ही सवय आहे. सांगायचं ते सोडून आजूबाजूचं सांगत बसायचं.

तरी गाडीबद्दल थोडं सांगावंच लागेल. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. अकोल्याच्या एका डॉक्टरांनी वापरून सोडलेली पांढरी, गोल बोनेटची गाडी त्यांनी घेतली तेव्हा मी चौथीत होतो. वाशीमकडच्या शिरपुरात आमच्या वस्तीतली ती पहिली चारचाकी. वडिलांना ती नीट चालवता कधीच आली नाही. चढावर दुसरा गिअर टाकायला ते इतका वेळ लावत की गाडी मागे यायची आणि आई डोळे मिटून घ्यायची. पण एप्रिलमधल्या जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे आमचीच गाडी असायची. टपावर फुलांनी सजवलेली प्रतिमा, दोन्ही बाजूंना निळे झेंडे, आणि पुढच्या सीटवर इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले वडील. हे पस्तीस वर्षं चाललं. लहानपणी मला वाटायचं, जयंती आमच्या गाडीमुळेच होते.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी मिस्त्री यायचा. एसटी स्टँडच्या मागे त्याचं टिनाचं शेड होतं, तिथे जीप, जुने ट्रॅक्टर, मळ्यातली इंजिनं दुरुस्त व्हायची. वडील त्याला मिस्त्री म्हणायचे, तो त्यांना गुरुजी म्हणायचा, आणि मी त्याला चाचा म्हणत आलो. बोनेट उघडलं की आधी तो ऑइलची पट्टी काढायचा. ऑइल किती आहे हे सगळेच पाहतात. तो पाहून झाल्यावर पट्टी नाकाशी धरायचा आणि हुंगायचा. वडील हसायचे.

“अत्तर हाय का रे ते, मिस्त्री?”

“गुरुजी, डोये खोटं बोलतात. नाक नाही बोलत.”

काम झालं की आमच्या ओट्यावर बसून तो खीर खायचा. त्याची आणखी एक रीत होती. गाडीतून काढलेला जुना भाग, मग तो जळालेला वायसर, म्हणजे वॉशर, का असेना, वर्तमानपत्रात गुंडाळून तो मालकाच्या हातात द्यायचा. “जुना माल मालकाचा. काय काढलं, काय टाकलं, कोणाच्या मनात शंका नाही राह्यली पाहिजे.” आमच्या घरात अशा पुड्यांनी भरलेला एक डबाच होता.

मी नोकरीच्या मागे लागलो नाही. कृषी केंद्र टाकलं. बियाणं, खत, औषधं, फवारणीचे पंप आणि त्यांचे सुटे भाग. धंदा बरा चालला. सहा-सात वर्षांपूर्वी मला जयंती समितीचा अध्यक्ष केलं. त्याच वर्षी तरुण पोरांनी म्हणणं मांडलं की ती म्हातारी गाडी आता मागे ठेवा, पुढे मोठ्या आवाजाचा ट्रक लावू. बैठकीत मी उभा राहून सांगितलं, “गाडीच पुढे राहीन. मी अध्यक्ष हाव तोवर गाडीच पुढे राहीन.” टाळ्या पडल्या. मला ते फार आवडलं.

पाच दिवस उरले आणि गाडी बंद पडली.

चाचा आला. इंजिनाच्या कुशीला मुठीएवढा पेट्रोलचा पंप असतो. इंजिन फिरलं की त्याचा दांडा वरखाली होतो, दांडा आतल्या पातळ पडद्याला ओढतो आणि सोडतो, आणि त्या ओढीनं टाकीतलं पेट्रोल पुढे कार्बोरेटरकडे जातं. त्या पडद्याला डायफ्राम म्हणतात. चाचानं पंप खोलला, डायफ्राम उजेडासमोर धरला आणि मला जवळ बोलावलं. काळ्या कापडातून सुईच्या टोकाएवढा उजेड येत होता.

“हे पाय बाबू. आज सुई हाय, उद्या दरवाजा होईन. मंग पेट्रोल पुढं नाही जात, खाली ऑइलच्या चेंबरात उतरते. ऑइल पातळ झालं का बेरिंग खल्लास.”

“मंग नवीन टाका ना.”

“कुठून टाकू? या गाडीच्या पडद्याचं किट आता पानटपरीवर भेटते का? मी अकोल्याले जातो सोता. भेटलं तं मिरवणुकीच्या आधी आणतो.”

“आणि नाही भेटलं तं?”

“तं ढकलत न्या. चार पोट्टे मागून लावा. मिरवणूक तशीबी पायीच चालते. पण चालू नोका करू.”

जुना डायफ्राम त्यानं कागदात गुंडाळून माझ्या हाती दिला, पंपाचे सुटे भाग घमेल्यात मांडून ओट्यावर ठेवले, वरून फडकं झाकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जऊळक्याहून रेल्वेनं तो अकोल्याला गेला. वडील तेव्हा वाशीमला होते, बहिणीकडे. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं.

दोन दिवस चाचाचा पत्ता नव्हता. फोन लावला की बंद. मिरवणूक परवावर आली. बैठकीत गाडीच्या विरोधात बोललेला एक जण दुकानात युरियाचं विचारायला आला आणि जाता जाता म्हणाला, “काय अध्यक्ष, दोर आणून ठिवू का गाडीले?” तो सहज बोलला असेल. मी मात्र दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून घरी गेलो.

जाताना फवारणीच्या पंपाचं रबर घेऊन गेलो. पाठीवरच्या पंपातही पडदाच असतो. तोही ओढतो आणि सोडतो. मी आयुष्यभर ते रबर विकलं, शेतकऱ्यांना बसवून दिलं, त्यामुळे पडद्याचं मला सगळं कळतं असा माझा समज होता. चाचानं दिलेली पुडी सोडली, जुना डायफ्राम त्या रबरावर ठेवला, पेनानं कडेनं रेघ ओढली आणि कात्रीनं कापलं. सहा भोकं पाडली. लहानपणापासून चाचाला पाहत आलो होतो, त्यामुळे कोणता स्क्रू कुठे जातो हे हाताला ठाऊक होतं. तासाभरात पंप बसला. पाचव्या सेल्फला गाडी चालू झाली.

खरं सांगतो, त्या वेळी मला जो आनंद झाला तो नंतर मुलीचा निकाल लागला तेव्हाही झाला नाही.

माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट आली नाही. फवारणीच्या पंपातून पाणी जातं, औषध जातं. पेट्रोल जात नाही. पेट्रोलमध्ये ते रबर फुगतं, लिबलिबीत होतं आणि फाटतं. रबराच्या खोक्यांत बसून धंदा करणाऱ्या माणसालाच ही चूक सुचू शकते. दुसऱ्या कोणाला ते रबर हाताशीच नसतं.

वडील त्या संध्याकाळी परतले. डोळ्यावर हिरवी पट्टी. गाडी अंगणात चालू ठेवून मी मुद्दाम त्यांची वाट पाहत होतो. आवाज ऐकून ते फाटकातच थांबले.

“मिस्त्री आला होता?”

“हो,” मी म्हणालो. “बसवून गेले चाचा.”

का म्हणालो? मी बसवला म्हटलं असतं तर त्यांनी गाडी बाहेर काढू दिली नसती, हे एक. दुसरं असं की ‘हो’ म्हणायला फार सोपं होतं. पहिलं खोटं इतकं लहान होतं की ते खोटं आहे हेही मला नीट जाणवलं नाही.

मिरवणुकीच्या सकाळी मी पट्टी काढून ऑइल पाहिलं. वरच्या खुणेच्याही वर होतं. मी म्हटलं, वा, चाचानं मागे भरपूर भरलेलं दिसतं. फडक्याला पट्टी पुसली आणि परत खुपसली. हुंगून पाहिली नाही.

दहाला मिरवणूक निघाली. मी चालवत होतो, वडील शेजारी. एप्रिलचं ऊन, माणसाच्या चालीनं गाडी, मागे ढोल आणि पाचसहाशे माणसं. दीड तासानंतर समोरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागला. मी पाहिला. वडिलांचा एक डोळा झाकलेला होता, त्यांना दिसला नाही. थांबलो असतो तर इंजिन वाचलं असतं. पण बाया ओवाळायला पुढे येत होत्या, लोक फोनवर फोटो काढत होते, आणि मी अध्यक्ष होतो. मी स्टिअरिंगवरचा हात असा सरकवला की दिवा हाताखाली झाकला गेला.

चौकाच्या अलीकडे इंजिनात टक टक सुरू झाली. मग कोणीतरी आतून घण मारावा तसे दोन ठोके पडले, आणि गाडी जागच्या जागी जाम झाली. ढोल थोडा वेळ वाजत राहिले आणि मग एकेक करून थांबले.

मालेगावकडे जाणारा एक ट्रक मागे अडकला होता. त्याचा ड्रायव्हर जाणकार निघाला. त्यानं खाली उतरून बोनेट उघडलं, पट्टी काढली आणि नाकाला लावली.

“हे काय ऑइल हाय? नुसतं पेट्रोल हाय हे. पंपाचा पडदा फाटला तुमचा. कोणं बसवला पंप?”

भोवती माणसांचं रिंगण होतं. वडील माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, “चाचानं.”

एकच शब्द. तो बोलायला काही वेळ लागला नाही.

“त्याले आता दिसत नाही धड,” कोणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, “मले तं वाटतेच होतं.” आणि मागून एक आवाज आला, कोणाचा ते मी आजही सांगू शकत नाही, “मुद्दाम तं नाही ना केलं? नेमकं आजच्याच दिवशी?”

त्या प्रश्नावर मी काहीच बोललो नाही. ‘चाचानं’ हा शब्द माझा मोठा गुन्हा आहे असं लोकांना वाटेल. मला स्वतःला त्यानंतरची ती शांतता जास्त जड वाटते. पस्तीस वर्षं आमच्या ओट्यावर खीर खाल्लेल्या माणसाबद्दल असं विचारलं गेलं, तेव्हा निदान “छट्, येडा हायस का” एवढं तरी म्हणता आलं असतं. त्यासाठी खरं सांगायचीही गरज नव्हती. काही पोरं तावातावानं त्याच्या शेडकडे निघाली होती, वडिलांनी त्यांना अडवलं. मी नाही. शेवटी गाडी दोर लावून ओढत नेली.

संध्याकाळी चाचा आला. स्टँडवरून थेट, हातात पिशवी, पायात धूळ. रस्त्यात त्याला कोणी काही सांगितलं नसावं, कारण फाटकातूनच तो ओरडला, “गुरुजी, भेटलं! अकोल्यात नव्हतं, खामगावले जा लागलं. उशीर झाला, माफ करजा.” आणि खिशातून त्यानं किटचं पाकीट काढलं.

ओट्यावर वडील होते, समितीचे चार-पाच जण होते, मी होतो. चाचानं गाडीकडे पाहिलं. टपावरची फुलं कोमेजलेली, मागे दोर अजून बांधलेला. तो बोनेटपाशी गेला, पट्टी काढली आणि हुंगली. मग खाली वाकून त्यानं पंप जागेवर बसलेला पाहिला.

“हा कोणं बसवला?”

वडिलांनी त्यालाच विचारलं, “मिस्त्री, परवा तू नव्हता आला?”

चाचानं माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. तोंड उघडायची वेळ माझी होती, आणि मी उघडलं.

“आले होते ना चाचा तुमी. परवा दुपारून.”

खिशात त्याच्याकडे रेल्वेचं तिकीट असणार. निदान किटाची पावती असणार. त्याचा हात खिशाकडे गेलासुद्धा. पण त्यानं काही काढलं नाही. माझ्याकडे पाहतच तो म्हणाला, “असं?” आणि मग वडिलांना म्हणाला, “बाबू म्हणते तं आलो असन, गुरुजी.”

समितीच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या दृष्टीनं त्यानं कबूल केलं होतं. दुसऱ्या दिवशी गावभर हेच झालं: मिस्त्रीनं सोता कबूल केलं.

किटाचं पाकीट ओट्याच्या कठड्यावर ठेवून तो निघून गेला. वडिलांनी ते उचललं आणि चांगल्या डोळ्याजवळ नेऊन उलटसुलट पाहिलं. पाकीट सीलबंद होतं. परवा पंप बसवून गेलेला माणूस आज खामगावहून नवं किट कशाला आणेल, हा प्रश्न त्यांना पडला नसेल असं मी म्हणू शकत नाही. चाळीस वर्षं त्यांनी मुलांच्या लबाड्या पकडल्या होत्या. पण त्यांनी मला काही विचारलं नाही. पाकीट कपाटात ठेवलं आणि त्या दिवसापासून गाडीचा विषय काढला नाही, मिस्त्रीचाही नाही. मी खरं सांगेन याची ते वाट पाहत होते, की मी सांगू नये असं त्यांना वाटत होतं, हे मला कधी कळलं नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले. चाचा अंत्ययात्रेला आला, रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली उभा राहिला, आणि सगळे परत फिरायच्या आत निघून गेला.

जुन्या गाड्यांची कामं तशीही कमी होत चालली होती. जी होती तीही गेली. जीपवाले मालेगावला जाऊ लागले. ट्रॅक्टरवाले म्हणाले, चाचाचा हात आता थरथरते. त्याचा हात थरथरत नव्हता. वर्षभरानं चाचानं फवारणीच्या पंपांची दुरुस्ती सुरू केली, कारण ते काम कोणाच्याही हाती द्यायला लोक घाबरत नाहीत. आणि सुटे भाग घ्यायला तो माझ्या दुकानात येऊ लागला. शिरपुरात ते माझ्याकडेच मिळतात.

“बाबू, चार वायसर. दोन रबर.”

मी द्यायचो. तो रबर हातात घेऊन दोन बोटांत दाबून पाहायचा, चांगलं आहे की नाही ते. दर वेळी. त्यात टोमणा होता असं मला वाटायचं. नंतर वाटायला लागलं की टोमणा नव्हता, तो फक्त माल पारखत होता, आणि हे जास्त वाईट होतं.

या उन्हाळ्यात मी गाडीचा पंप काढला, कपाटातलं पाकीट घेतलं आणि त्याच्या शेडवर गेलो. सरळ जाऊन बोलायची माझी हिंमत नव्हती, म्हणून काम नेलं.

“चाचा, हा बसवून देता का?”

त्यानं पंप हातात घेतला. सहा स्क्रू खोलले. आतून माझं रबर निघालं. तपकिरी, फुगलेलं, मधोमध फाटलेलं, कडेनं पंपाच्या जस्ताला चिकटून बसलेलं. त्यानं ते सुरीनं हळूहळू खरवडून काढलं. मी समोर स्टुलावर बसून सगळं सांगितलं. रबर कसं कापलं, वडिलांना काय बोललो, लाल दिवा हाताखाली कसा झाकला. मधेच मी रडलो असेन. तो स्प्रिंग पुसत होता.

माझं संपल्यावर तो म्हणाला, “मले काहून सांगून राह्यला? मले तं मालूम हाय.”

“माफी मागायची होती, चाचा.”

“माफी मले मागून काय होते? मी थोडी म्हणलं होतं का चाचानं बसवला?” त्यानं नवा डायफ्राम भोकाला भोक जुळवून ठेवला. “ज्यायले मालूम नाही त्यायले सांग. जिथं बोलला होता तिथं बोल. चौकात.”

स्क्रू त्यानं एकदम आवळले नाहीत. समोरासमोरचे, थोडे थोडे, पडद्याला सुरकुती पडू नये असे. मग पंपाच्या तोंडावर अंगठा ठेवून दांडा दाबला. फट् असा आवाज झाला. “पंप चांगला झाला,” तो म्हणाला. “तुमचं इंजिन मेलेलं हाय, ते वेगळं.” आणि ते फाटकं रबर कागदात गुंडाळून त्यानं माझ्या हाती दिलं.

चौकातल्या हॉटेलवर जायला मला बावीस दिवस लागले. या बावीस दिवसांची मला मिरवणुकीपेक्षा जास्त लाज वाटते. शेवटी एका गुरुवारी, बाजाराच्या दिवशी सकाळी गेलो. समितीचे तिघे तिथे होतेच, आणखी सात-आठ जण होते. मी बसलो नाही. उभ्यानं सांगितलं की त्या वर्षी जयंतीला गाडी बंद पडली ती माझ्यामुळे. चाचा त्या दिवशी गावात नव्हताच. पंप मी बसवला आणि नाव त्याचं घेतलं.

“कोणता पंप?” एक जण म्हणाला. त्याला आठवतच नव्हतं.

दुसऱ्याला आठवलं. “अरे ते नाही का, मिस्त्रीनं इंजिन जाम केलं होतं गुरुजीचं.”

“मिस्त्रीनं नाही,” मी म्हणालो. “तेच सांगून राह्यलो मी. मी केलं ते.”

समितीतल्या वयस्क सभासदानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “भाऊ, बसा. चहा घ्या. कायले जुनं उकरता? म्हातारं माणूस हाय, चुकलं असन.”

मग मी पुडी सोडली. रबर टेबलावर ठेवलं. म्हणालो, हे पाहा, हे फवारणीच्या पंपाचं रबर आहे, माझ्या दुकानातलं, माझ्या कात्रीनं कापलेलं. सगळे वाकून पाहू लागले. एकानं चमच्यानं उलटवलं.

“हे टाकलं होतं आत? बापा!”

“आता समजलं,” दुसरा म्हणाला. “चाचा भाऊच्याच दुकानातून रबर नेते ना. हेच नेते. मी पाह्यलं हाय.”

“तवा नव्हता नेत तो,” मी जवळजवळ ओरडलो. “तवा तो जीपा दुरुस्त करत होता! मी ओरडून सांगतो तरी...”

“भाऊ, भाऊ.” वयस्क सभासदानं माझा हात धरला आणि मला खुर्चीवर बसवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “गुरुजीचं रक्त हाय. दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घेऊन राह्यला माणूस. आजच्या जमान्यात कोण करते असं?” आणि हॉटेलवाल्याला म्हणाला, “भाऊले पेशल दे.”

मी तो चहा प्यायलो. काय करायचं ते सुचलं नाही म्हणून प्यायलो.

चार दिवसांनी चाचा दुकानात आला. काउंटरवर वयस्क सभासद आधीच बसलेला होता, त्याला तणनाशक हवं होतं. चाचाला पाहून तो मोठ्यानं म्हणाला, “या चाचा. भाऊचे उपकार माना. भर चौकात भाऊनं तुमची चूक आपल्या नावावर घेतली. मी होतो तिथं, माझ्या कानानं आयकलं.”

चाचानं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता तो बोलेल. मला तेच हवं होतं, त्यानं ओरडावं, काउंटरवर हात आपटावा.

“हो, आयकलं मीबी,” तो म्हणाला. हात कपाळाला लावला आणि किंचित वाकला. “बहुत मेहरबानी, बाबू.”

त्याला चार वायसर हवे होते. मी मोजून दिले. त्या सभासदासमोर मी जे काही बोललो असतो, ते पुन्हा माझाच मोठेपणा ठरलं असतं. चाचानं वायसर दोन बोटांत दाबून पाहिले आणि खिशात टाकून पायऱ्या उतरला. त्यानंतर तो दुकानात आलेला नाही. वायसर आणायला आता तो एसटीनं मालेगावला जातो.